मेथीचे वाफे

विनोदिनीबाईंनी मेथीचा पहिला झुबका मुळासकट उपटला, तेवढ्यात श्रीनाथराव शाळेच्या फाटकातून आत आले. रविवार होता. मुलींच्या त्या शाळेत दुसरं कुणी नव्हतं. अंगणात लाकडी चौकटींचे वाफे ओळीनं मांडले होते आणि सगळे गच्च भरले होते. मेथी, पालक, मुळे.

उज्जैनची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून वीतभर उंच फळ्या ठोकून त्यात माती भरायची, ही कल्पना मुख्याध्यापिका म्हणून बाईंचीच. फळ्यांना वाळवी लागणार हेही त्यांना ठाऊक होतं. फ्रीगंजातल्या दुकानदारानं तेव्हा दोन डबे पुढे केले होते. एकात जवसाचं तेल, दुसऱ्यात वाळवीचं औषध. तेलानं लाकूड दोन-तीन पावसाळे निघेल, औषध लावलं तर पुढे कित्येक वर्षं बघायला नको, असं तो म्हणाला. औषधात काय असतं, असं बाईंनी विचारलं. मोरचूद आणि संखिया, तो म्हणाला. संखिया म्हणजे सोमल, ना वास ना चव असलेलं जहाल विष. बाईंनी तेल घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत त्या माहेरी देवासला गेल्या. परत आल्या तेव्हा फळ्या हिरवट दिसत होत्या.

श्रीनाथराव शाळेच्या समितीचे चिटणीस. सुट्टीत एका कोपऱ्यात वाळवीची माती दिसली, म्हणून त्यांनी माणूस लावून सगळ्या फळ्यांना आतून-बाहेरून ते औषध देऊन घेतलं होतं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाल्यापासून दरबारच्या मदतीवर चाललेल्या काही शाळा बंद झाल्या होत्या, काही दुसरीकडे जोडल्या गेल्या होत्या. ही शाळा ठेवायची की नाही, ते सोमवारी तपासणीला येणारे साहेब ठरवणार होते. जास्त पिकवा, असं सरकार सगळ्यांना सांगत होतं, आणि शाळेकडे दाखवण्यासारखे हे वाफेच काय ते होते.

बाई डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. मातीत किती उतरलं, पानांत किती गेलं, हे इथे कुणी तपासून देऊ शकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कदाचित काहीच नसेल. पण माझ्या मुलीच्या ताटात मी ही भाजी वाढणार नाही, असंही म्हणाले.

हे सगळं बाईंनी श्रीनाथरावांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट मागितली. उद्याचा दिवस जाऊ द्या. साहेबांची पाठ वळली की मी स्वतः उपटायला येतो.

बाई म्हणाल्या की साहेबांच्या हातून मुलींना जुड्या वाटायच्या हे तुम्हीच ठरवलंत, मुलींनी ते घरी सांगितलंय. वाटप रद्द करू, ते म्हणाले. बाईंनी नकारार्थी मान हलवली. काल पाणी घालता घालता दोघी मुलींना मुळा उपटून खाताना त्यांनी पाहिलं होतं. आता बाईंना एक दिवसही भाजी मातीत ठेववत नव्हती.

श्रीनाथराव वळले. फाटकापाशी जाऊन थांबले.

"तुमचं बरोबर आहे, बाई," ते म्हणाले. "पण शाळा गेल्यावर या मुली कुठे जातील, तेही एकदा डॉक्टरांना विचारा."

बाईंनी पुढचा झुबका उपटला. दुपारपर्यंत त्यांनी सगळे वाफे रिकामे केले. शाळेमागे शिपायाकडून खड्डा खणून घेतला होता, त्यात भाजी टाकली. कुणी चुकूनही खाऊ नये म्हणून शाळेतलं होतं तेवढं फिनेल वर ओतलं आणि माती लोटली. मग नळावर कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. अंगणात परत आल्या तेव्हा त्या हिरवट चौकटींकडे त्यांना बघवेना.

घरी जाऊन त्या पडून राहिल्या, पण डोळा लागला नाही. ऊन उतरल्यावर पुन्हा शाळेकडे आल्या. खड्ड्याभोवती चार बायका वाकलेल्या होत्या. माती बाजूला सारली होती. त्यांतली एक नंदा, शाळेतल्या जयूची आई. तिचा नवरा दरबारच्या पागेत होता. पागा मोडल्यापासून त्याला धड काम मिळालं नव्हतं.

बाई जवळजवळ धावतच गेल्या. हात जोडून त्यांनी सांगितलं की ही भाजी विषारी आहे, फळ्यांचं औषध तिच्यात उतरलंय, घरी नेऊ नका. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तिघींनी पदर सावरून घेतले आणि त्या कुंपणाकडे चालू लागल्या. बाईंनी हाका मारल्या. एकीनंही मागे पाहिलं नाही.

नंदा तेवढी थांबली. चोरी करताना सापडल्यासारखा तिचा चेहरा उतरला होता. तिनं ओटीतली मेथी काढली, मुळांची माती झटकली.

"वरची नाही घेतली, बाई. तिला दवाईचा वास होता," ती म्हणाली. "ही खालची आहे, एकदम साफ. जयूनं रोज पाणी घातलंय हिला. बघा ना."

आणि तिनं ती जुडी बाईंच्या नाकाशी धरली. बाईंनी वास घेतला. ताज्या, कोवळ्या मेथीचा वास होता.