हळवा भोंगा

"ती पद्धत ठेवायची की काढायची, तुम्हीच ठरवा. प्रोग्रॅम तुमचा आहे," मोठे साहेब भिकाजी ओव्हाळांना म्हणाले.

चौऱ्याहत्तर सालचा आषाढ होता. लोणावळ्याजवळच्या धरणावरून पाण्याची पातळी फोननं पुण्याला कळवली जाई. तिथल्या संगणकात भिकाजींचा प्रोग्रॅम ताज्या पातळीतून आधीची वजा करी आणि पाणी किती वेगानं चढतंय ते सांगे. वेग वाढला की धरणावर भोंगा. पद्धत चपळ होती, पण हळवी. वारा सुटला, लाटा उठल्या की बोटभर चढउतारालाही ती पूर समजे. खालच्या वाडीतली माणसं लावणी टाकून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन कितीदा तरी उगाच टेकडी चढली होती.

"काढतो," भिकाजी म्हणाले.

नवी पद्धतही त्यांनीच लिहिली. ती बऱ्याच नोंदींची सरासरी काढून मगच बोलायची.

बदल झाला, आणि त्याच आठवड्यात वादळ आलं. भर दुपारी अंधारलं. पाणी चढताना धरणावर उभ्या भिकाजींना डोळ्यांनी दिसत होतं. पुण्याहून मात्र उत्तर येत होतं, धोका नाही. त्यांनी साहेबांना फोन लावला.

"आणखी थोड्या नोंदी येऊ द्या," साहेब म्हणाले. प्रोग्रॅमनं धोका सांगितला नसेल तर त्यांच्या हुकमाशिवाय भोंगा वाजवता येत नसे.

भिकाजींनी खालच्या वाडीकडे जीप काढली. खड्ड्यांतून आदळत जाताना त्यांनी मनाशी पक्कं केलं. जुनी पद्धत परत बसवायची, नव्या पद्धतीच्या जोडीला. हळवी तर हळवी.

वाडीत पाणी शिरलं होतं. दारं सताड उघडी, गोठे रिकामे. तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली. सगळी वाडी टेकडीवर बसली होती, गुरावासरांसकट.

धापा टाकत ते वर पोचले. समोर भागूबाई होती, वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई.

"मावशी, भोंगा तर वाजलाच नाही!"

"म्हनूनच तर वर आलो. एरवी जरा वारा सुटला तरी बोंबलतो. आज येवढं वादळ, आन् गप! म्हनलं, धरनावरच्या मानसांचंच कायतरी बरंवाईट झालं." तिनं आपलं घोंगडं काढून त्यांच्या भिजल्या अंगावर टाकलं. "आमचे दोन गडी दोर घिऊन तुमालाच हुडकाया गेल्यात."