वाळूवर जायची वेळ

सहदेवने राजस्थानचा नकाशा जमिनीवर पसरला आणि त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून एकीकडे तांब्या आणि दुसरीकडे आईचा पानाचा डबा ठेवला. रविवारची दुपार. कोपरीच्या कोळीवाड्यातल्या त्या घरात आज कुणालाही वामकुक्षी सुचत नव्हती.

“नीट ऐका,” तो म्हणाला. “सुट्टी आठ दिवस. जायला दोन, यायला दोन, एक दिवस गाडी चुकली तर हाताशी. उरले तीन. तीन दिवसांत दोन शहरं. तिसऱ्याचं नाव काढायचं नाही!”

कंपनीने यंदा पहिल्यांदाच घरच्यांसकट प्रवासाची सवलत दिली होती आणि सहदेवच्या अंगात वारं शिरलं होतं. जोधपूर ठरलंच होतं, गाडीच तिथे जात होती. घोडं अडलं होतं ते दुसऱ्या शहरापाशी. त्याला हवं होतं जैसलमेर, बायकोला उदयपूर.

“उदयपूरला तलाव आहेत,” मालू म्हणाली. “तलावाच्या मधोमध महाल. होडी घ्यायची आणि जायचं!”

“अगं, जन्म खाडीच्या काठावर गेला आणि राजस्थानात जाऊन पुन्हा होडीत बसणार तू? लोक हसतील! जैसलमेर बघ. अख्खा किल्ला पिवळाधमक, आणि आत अजून माणसं राहतात.”

“मग? आपण नाही राहत कोळीवाड्यात? आपल्याला बघायला येतं का कोणी?”

सहदेवने आईकडे पाहिलं. मनुबाई एकवीरेच्या डोंगरापलीकडे उभ्या जन्मात कुठे गेली नव्हती, पण गेले आठ दिवस अख्ख्या मासळीबाजाराला तिने ‘मी राजस्थानला चालले’ म्हणून सांगून सोडलं होतं. बाप होडी सोडून हलणार नव्हता. तेव्हा निकाल आता तिच्या हातात.

“आई, तू सांग. तुला काय बघायचंय?”

“वालू,” मनुबाई म्हणाली. “वालूचे डोंगर म्हंतात ते कुठं हायत?”

“जैसलमेरला!” सहदेव जवळजवळ ओरडलाच. “शहराबाहेर नुसती वाळू, नजर पोचेल तिथपर्यंत. उंटावर बसवतो तुला!”

“उंटावर? मी?” मनुबाई तोंडाला पदर लावून पोरीसारखी हसली. “पडले म्हंजी? बरं, वालूवर कवा जायाचं?”

“संध्याकाळी सहाला. सूर्य बुडताना. सगळे तेव्हाच जातात.”

“तिथी कंची?”

सहदेवने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “अष्टमी.”

मनुबाईने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला आणि मान हलवली. “नाय जमायचं.”

मालूने लगेच नकाशावरच्या उदयपूरवर बोट टेकवून ठेवलं.

“का गं आई?”

“अरे, एवढा शिकलास आनी येवढंबी कलत नाय? अष्टमीला सांजचे सहा म्हंजी ऐन भरती. वालू समदी पान्याखाली. तुजा उंट बुडंल! जायाचं तं दुपारी बाराला जा, ओहोटीला.”

मालू जी हसत सुटली ती थांबेचना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. “आई, अहो आई, तिथे समुद्र नाही!”

“येवढी वालू आनी पानी नाय?” मनुबाई गोरीमोरी झाली. “मंग वालू आनली कोनी?”

“कोणी आणली नाही, तिथेच आहे ती,” सहदेवही हसत होता. “समुद्र नाही, खाडी नाही. भरती नाही आणि ओहोटीही नाही.”

मनुबाई हसली नाही. ती नकाशाकडे बघत राहिली.

“भरतीच नाय?”

“नाही गं.”

“मंग तिथल्या बाया उठतात कवा?”

मालूचं हसू थांबलं. सासूचं उठणं तिने लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. होडी भरतीबरोबर किनाऱ्याला लागायची आणि टोपली घेऊन मनुबाई त्याआधी बंदरावर. आज रात्री दोनला, उद्या पावणेतीनला, परवा साडेतीनला. घरातलं घड्याळ फक्त सहदेवच्या कंपनीतल्या पाळीसाठी होतं.

“उजाडल्यावर उठत असतील,” मालू हळूच म्हणाली.

“रोज?”

“रोज.”

“पावसात? पुनवेला? तवाबी उजाडल्यावरच?”

“हो आई. तेव्हाही.”

“बया गं!” मनुबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की सहदेव बघतच राहिला. “मंग दोन राती तिथंच ऱ्हाऊ. तुमचं ते बाकीचं काय ते येता-जाता बघू.”

मालूने उदयपूरवरचं बोट उचललं. “चला, माझा तलाव आटला,” ती म्हणाली, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. “जोधपूरला दिवसभर किल्ला बघू, रात्रीची गाडी धरू.”

सहदेवला आनंद आवरेना. तो गुडघ्यांवर बसून हातवारे करायला लागला. “मग दोन दिवस आहेत ना, एक काम करू! पहिल्या दिवशी सूर्यास्त. आणि दुसऱ्या दिवशी, आई, पहाटे चारला उठवतो तुला. अंधारात उंटावरून जाऊ, वाळूवर सूर्य उगवताना बघायचा! लांबून लांबून माणसं येतात त्यासाठी!”

मनुबाईने डबा ओढून घेतला, पानाला चुना लावला.

“तू जा बाबा, मालूला ने,” ती म्हणाली. “मना उठवू नको.”