विजेता मल्ल

"हा हात ह्यांचाच हाय," महादेवीबाई म्हणाल्या.

नव्या स्टेडियमच्या 'क्रीडा वारसा' दालनात, भिंतीभर मोठ्या केलेल्या फोटोपुढं त्या उभ्या होत्या. शेजारी सून कावेरी. फोटोत फेटा बांधलेले विठ्ठलराव सगळे दात दाखवून हसत होते आणि त्यांनी कुणाचा तरी हात मनगटाला धरून उंच केला होता. तो हात कोपरापर्यंतच होता. तिथं फोटो संपत होता. हाताची करंगळी वाकडी होती.

खाली सोनेरी अक्षरं होती. कावेरीनं वाचून दाखवलं, "उमापूरच्या जत्रेत विजेत्या मल्लाचा गौरव करताना कुस्तीचे आधारस्तंभ विठ्ठलराव."

"आन् मल्ल कुठाय?"

कावेरीनं उगाच पुन्हा एकदा भिंतीकडं बघितलं.

ईश्वरप्पा पैलवानांना जाऊन पस्तीस वर्षं झाली. उभ्या आयुष्यात त्यांचा एकच फोटो निघाला, तो हा. कावेरीनं सासरा बघितला तोही याच फोटोत, देव्हाऱ्याच्या वरच्या खिळ्यावर. उन्हाळ्यात स्टेडियमचा व्यवस्थापक शहादेव चकलांब्याला घरी येऊन फोटो मागायला लागला, तेव्हा ती म्हणाली होती, झेरॉक्स देऊ. महादेवीबाईच नको म्हणाल्या. माणूस आधीच काळा, झेरॉक्समध्ये तोंडाचं नुसतं डांबर होईल. लागायचाच आहे तर धड लागू दे, शहराला कळू दे पैलवान कोण होता ते. फोटो चौकटीसकट दिला, वर शहादेवाला चहा पाजला.

आज नात स्वप्नालीची फायनल होती, पलीकडच्या हॉलमध्ये, मॅटवर. पोरीनं सकाळीच बजावलं होतं, आजी, आधी आजोबाला बघ, मग माझी कुस्ती. म्हणून दोघी आधी इकडं आल्या.

दालन तसं झकास होतं. जुनी तालीम पाडून हे स्टेडियम उठवलं, आणि तालमीतली घमेलंभर तांबडी माती काचेच्या पेटीत ठेवली. झाला वारसा जपून. मुद्गलांची जोडी साखळीनं भिंतीला बांधलेली. जिकडं तिकडं पाट्या: हात लावू नये.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला शहादेव लगबगीनं आला. पाहुणे यायची वेळ झाली होती.

"शहादेवा, आमचा माणूस कुठाय रं?"

"हाय की आजी. ह्यो काय हात."

"हात न्हाई इचारला. माणूस इचारला."

"साइज ठरलेली असती, आजी. दोघं बसंना गेलते. मंग एकाला कापावंच लागतंय."

"मंग त्यांना कावून न्हाई कापलं? कुस्ती त्यांनी मारलीवती का?"

शहादेवानं आधी दाराकडं बघून घेतलं. "हळू बोला. त्यांचा मुलगा येनार हाय बक्षीस द्यायला, आदिनाथदादा. हे समदं त्यांनीच उभं केलंय."

"बरं, ऱ्हाऊ द्या," कावेरी म्हणाली. "आमचा फोटो तेवढा माघारी द्या."

"त्यो डिझाइनवाल्याकडं गेलता, वयनी. काच फुटली, फोटो बी पार चिकटला व्हता काचंला. त्येनं मोठा करून घेतला आन् दिला टाकून." मग त्याला दया आली असावी. त्यानं मोबाईल काढला. "माझ्याकडं हाय की. तुमाला पाठिवतो."

मोबाईलमध्येही विठ्ठलरावच हसत होते. कोपरापर्यंतचा हात तेवढा होता.

महादेवीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण शहादेवावर किती चिडणार? फोटो घराबाहेर काढून दिला तो त्यांनीच. त्यांनी डोळे मिटून नवऱ्याचं तोंड आठवून बघितलं. इतकी वर्षं तोंड आठवायचं ते फोटोतलंच. आता ते हलायला लागलं, मिशी तेवढी राहिली आणि मग मिशीही नीट राहीना. त्यांना भीतीच वाटली. त्यांनी डोळे उघडले आणि भिंतीवरच्या वाकड्या करंगळीवर हात ठेवला.

"आजी, हात नका लावू," शहादेव म्हणाला.

तेवढ्यात पलीकडं एकदम गलका उठला. शिट्ट्या, टाळ्या. कावेरीनं सासूचा दंड धरला. "आत्याबाई, चला! आपल्या पोरीनं मारली!"

दोघी हॉलच्या दारात पोचल्या. मॅटवर स्वप्नाली उभी होती, घामानं निथळत, केस सुटलेले. आदिनाथदादा बूट न काढताच मॅटवर चढले. वीसेक माणसं त्यांच्यामागं चढली. दादांनी पोरीचं मनगट धरलं आणि हात उंच केला. बाप फोटोत हसत होता तसेच ते हसले. फोटोवाला खाली वाकला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "पोरीला जरा कडंला घ्या. दादा, तुमी मदी या."

"स्वप्ने!" महादेवीबाई दारातून ओरडल्या. "हात देऊ नगंस! सोडव, पोरी! हात सोडव!"

लाउडस्पीकरवर दादांचं नाव चाललं होतं, ते काही केल्या संपेना. माणसांच्या फटीतून स्वप्नालीला आजी दिसली. डोक्यावरचा पदर घसरलेला, दोन्ही हात हलवत जिवाच्या आकांतानं ओरडणारी. आजीला एवढा आनंद झालेला तिनं कधीच बघितला नव्हता.

तिनं हसून आजीसाठी दुसराही हात वर केला.