रिकाम्या डब्या

२००९ च्या एप्रिलमध्ये कावेरी हैदराबादहून मुंबईला निघाली होती, पण वाटेत जालन्याला उतरली. तिथल्या दवाखान्यात तिचे वडील, धुळाजी, लिव्हरच्या कॅन्सरनं पडून होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिच्याजवळ बर्फ भरलेला थर्मास होता. त्यातल्या नळीत डीएनएच्या धाग्यांपासून आपोआप जुळून तयार झालेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्या होत्या. पुढं कधीतरी त्यांत औषध भरून ते थेट कॅन्सरच्या गाठीत पोचवायचं, हे तिचं संशोधन. मुंबईत त्या तपासायच्या होत्या. तिच्या आईनं, आसराबाईनं, थर्मास दोन्ही हातांनी धरला. “हे टोच त्यायला. आत्ताच्या आत्ता!” “माय, त्यात औषध न्हाई. रिकाम्या डब्या हायेत. अजून उंदरालासुद्धा दिल्या न्हाईत.” “मंग इतकी वर्षं तू काय करून राह्यल्तीस?” कावेरीनं थर्मास ओढला, आसराबाई सोडेना. अर्धवट वितळलेला बर्फ आत खळखळला. धुळाजींनी डोळे उघडले. “कवा भरशील त्या?” “लई वेळ लागंल, दादा.” “माझ्यानंतर?” कावेरीनं मान डोलावली. “मंग गाडी चुकवू नको.” आसराबाईनं तरीही थर्मास सोडला नाही. तो छातीशी धरून ती जिना उतरली, बाहेर रिक्षा थांबवली, लेकीला आत बसवलं आणि मगच तो तिच्या मांडीवर ठेवला. “ठेसनावर ताजा बरफ घे,” एवढंच म्हणाली, आणि वळून जिना चढू लागली.