चुकांची मीटिंग

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत साहेबांनी नवी टूम काढली. दर शनिवारी प्रत्येकाने आपली चूक मोकळेपणाने सांगायची, म्हणजे टीम शिकते. पहिल्याच शनिवारी एका भोळ्या मेकॅनिकने सांगून टाकलं, ब्रेकचा बोल्ट ढिला राहिला होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि सोमवारी त्याला नारळ दिला.

या शनिवारी सगळे गप्प. कुणी छताकडे बघतंय, कुणी बुटांकडे.

"एकही चूक नाही? शिकली बघा माझी टीम." साहेब एकदम खूश. घरी जायला त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, तर मागची सगळी पलटण जिन्याकडे वळलेली.

"अरे, कालच तर दुरुस्त केलीत ना ही? या की."

"तुम्ही व्हा पुढे, साहेब," फोरमन नजर चुकवत म्हणाला. "आम्ही आपले जिन्यानं येतो."