चौगुल्यांचा तिसरा मजला

धन्यकुमार मगदूमांनी काचेला नाक टेकवलं. पालिकेच्या सभागृहातल्या त्या काचेत त्यांचाच चौक दिसत होता, पण दहा वर्षांनंतरचा. शहराच्या विकासाची प्रत्येक योजना हे काचेचं यंत्र अशी आधीच दाखवायचं, मग व्यापारी मत द्यायचे. दोन योजना होत्या आणि बाकीची मतं दोन्हींना निम्मी निम्मी पडली होती. आता सगळं मगदूमांवर होतं.

पहिल्या योजनेत त्यांच्या भडंगाच्या दुकानावर दुसरा मजला चढला होता. मगदूम खुलले. मग त्यांनी समोर पाहिलं. चौगुल्यांच्या भडंगाच्या दुकानावर तीन मजले होते, आणि लिफ्टसुद्धा.

"ही नको. दुसरी दाखवा."

"अहो, तुमचा धंदा दुप्पट होतोय की!" नियोजन विभागाच्या मुल्ला मॅडम म्हणाल्या.

"त्याचा किती होतोय ते दिसलं मला. दुसरी."

दुसऱ्या योजनेत सगळा बाजार बायपासला हलला होता. चौगुल्यांच्या दुकानाला कुलूप होतं आणि पाटीवर कावळा बसला होता. मगदूमांच्या जिवाला गार वाटलं. त्यांचंही शटर गंजलं होतं, पण तिकडे त्यांनी ओझरतंच पाहिलं.

"हीच!" म्हणत त्यांनी बटणाकडे बोट नेलं. तेवढ्यात काचेतल्या पारावर त्यांना म्हातारा चौगुले दिसला. मांडीवरच्या नातीला शेंगा सोलून भरवत तो खदाखदा हसत होता. शेजारी म्हातारे मगदूम एकटेच त्याच्याकडे बघत बसले होते.

बोट हवेतच थांबलं.

"मॅडम," मगदूमांनी घसा खाकरला, "तिसरी काही आहे का हो?"