अदलाबदलीचं वर्ष

इर्माचे बूट व्लास्ताने पिठाच्या पेटीत लपवले आणि झाकण घट्ट दाबलं.

"मावशी, माझे बूट दिसले का गं?" बाहेरून इर्माने विचारलं. पोरगी जर्मन, पण वर्षभरात चेक इतकं झकास बोलायला लागली होती की बाजारात कोणी ओळखू नये.

"मांजराने पळवले असतील."

"मांजराला बूट कशाला लागतात?" इर्मा खुदकन हसली आणि नुसत्या मोज्यांवर अंगणात पळाली. व्लास्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई तशी वाईट नव्हती हो. डोंगराच्या अलीकडे चेक, पलीकडे जर्मन, देश मात्र एकच, आणि जुनी रीत अशी की पोरांची वर्षभरासाठी अदलाबदल करायची. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. दोघांनाही दोन्ही भाषा येतात, आणि कोणी कोणाच्या लेकराला उपाशी ठेवत नाही, कारण आपलंही तिकडे जेवत असतं. व्लास्ता स्वतः लहानपणी पलीकडच्या ओटिलीच्या घरी राहिली होती, तेव्हा ओटिली इथे, याच स्वयंपाकघरात. आता व्लास्ताची अलेना ओटिलीकडे होती आणि ओटिलीची इर्मा इथे. सप्टेंबरअखेरच्या सणाला पोरी नवे बूट घालून आपापल्या घरी परतायच्या.

नेमक्या त्या सणालाच म्युनिकमध्ये मोठी माणसं सह्या करायला बसली आणि पलीकडच्या गावांसकट डोंगर हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा डोंगर, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. व्लास्ताचा नवरा बोहुश सीमेवरच्या बंकरमधून एकही गोळी न झाडता घरी आला, तेव्हापासून तो नुसता चुलीपाशी बसून असायचा.

"युद्ध टळलं म्हणे," तो म्हणायचा. "वसंतात ऑस्ट्रिया गिळला, आता डोंगर. एवढ्यावर भागेल म्हणतात त्याचं." आणि राखेत थुंकायचा. "तू त्या पोरीला सोडू नकोस. आपली हातात आल्याशिवाय मुळीच नाही. त्या लोकांना हीच भाषा कळते."

म्हणून ते बूट पिठात.

व्लास्ता आलुबुखारातल्या बिया काढत होती, तेवढ्यात अंगणातून इर्माची किंकाळी आली. रानातून ओटिली उतरत होती. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला, आणि हाताला धरलेली अलेना! व्लास्ता तशीच जांभळ्या हातांनी धावली. लेकीला तिने इतकं कवटाळलं की पोरगी म्हणाली, "आई, श्वास तर घेऊ दे!" अलेनाच्या पायात नवे कोरे बूट होते.

ओटिली मात्र इर्माच्या पायांकडे बघत होती.

"बूट लपवलेस ना?"

व्लास्ताने मान डोलावली.

"मीही अलेनाचे लपवले होते," ओटिली म्हणाली. "शेजारीण म्हणाली, पोरगी हातची सोडू नकोस. मग वाटलं, अगं बाई, मीही त्या हिटलरवाल्यांतलीच झाले की काय!"

दोघी रडल्या. व्लास्ता आत धावली, पेटीतले जुने बूट काढले, कपाटातले नवेही काढले, एप्रनने पीठ झटकत बाहेर आली. "ये गं इर्मा, नवे घाल. आई न्यायला आलीय तुला."

"न्यायला नाही आले मी," ओटिली म्हणाली.

एर्न्स्टला, तिच्या नवऱ्याला, कापडगिरणीत मागावरूनच उचलून नेलं होतं. कामगारांच्या सभेत हिटलरविरुद्ध बोलला, एवढाच गुन्हा. कुठे ठेवलंय, कोणी सांगत नव्हतं. घराच्या काचा फोडल्या. अशांची पोरं काढून घेतात, असं गावात उघड बोललं जात होतं.

"मग तूही राहा इथेच," व्लास्ता म्हणाली.

"मी पळाले तर त्याला जिवंत ठेवतील? आणि तुमचे पोलीस पलीकडून आलेल्यांना परत धाडतात. माझं चेक पार गंजलंय, एका वाक्यात ओळखतील. हिला नाही ओळखणार."

बोहुश दारात येऊन उभा होता. "व्लास्ताच्या बहिणीची पोर आहे म्हणून सांगू," तो खाली बघत म्हणाला. "पण ओटिली, ते इथवर आले तर?"

"येतीलच. डोंगर गिळून कोणाचं पोट भरतं का? सगळं जग पेटेल, बोहुश. तोवर हिला तुमचीच होऊ द्या."

मग ती इर्मासमोर गुडघ्यांवर बसली. "आजपासून तुला जर्मन येत नाही. झोपेतही नाही. आणि मी कोण, तुला माहीत नाही."

"किती दिवस?"

"वर्षभर," ओटिली म्हणाली. रीतीप्रमाणे तेच उत्तर होतं.

ती मागे न बघता चढ चढू लागली. इर्मा नव्या बुटांत खिळल्यासारखी उभी होती. ओटिली झाडांपाशी पोचली आणि पोरीला राहवलं नाही.

"आई!" तिने हाक मारली. जर्मन मात्र तोंडातून येऊ दिलं नाही, हाक चेकमध्येच मारली.

खालच्या रस्त्यावर सायकलवरून जाणारा पोलीस थांबला आणि मान वर करून बघू लागला.

ओटिली वळली नाही.

"आई!" इर्माने पुन्हा हाक मारली, झाडांकडे बघत.

"ओ, बाळा," कुंपणापासून व्लास्ताने ओ दिली. "आले हं."